पक्ष नसलेलं राज्य

परवा एका लग्नात जेवणं उरकल्यावर गप्पांचा फड जमला. विषय फिरत फिरत राजकारणावर आला आणि काका म्हणाले, "सगळे पक्ष एकदाचे बरखास्त करा. वर एक चांगला माणूस बसवा, बघा देश कसा सुधारतो! आपल्या गावाचंच घ्या. पूर्वी ग्रामपंचायत बिनविरोध व्हायची, भांडण नाही की तंटा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगतो, मीही डोलावली.

घरी येताना आठवलं, की हा प्रयोग आपल्या शेजारीच होऊन गेलाय. नेपाळात, तब्बल तीस वर्षं. आणि त्याचं नावही आपल्या ओळखीचं : पंचायत.

१९५९ साली नेपाळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १०९ पैकी ७४ जागा नेपाळी काँग्रेसला मिळाल्या आणि बी. पी. कोइराला पंतप्रधान झाले. दीड वर्ष जेमतेम झालं असेल. १५ डिसेंबर १९६०ला राजे महेंद्र यांनी त्यांना अटक करवली, संसद बरखास्त केली आणि पुढच्याच महिन्यात सगळ्या पक्षांवर बंदी घातली. कारण काय, तर पक्षांमुळे देशात दुही माजते. नेपाळच्या मातीला मानवेल अशी आपली व्यवस्था हवी. १९६२च्या घटनेने ती आली. खाली गाव पंचायत, वर जिल्हा, त्यावर अंचल आणि सगळ्यात वर राष्ट्रीय पंचायत. लोकांचं थेट मत फक्त खालच्या पायरीवर. पुढच्या प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीवरचे निवडणार. आणि शेवटचा शब्द राजाचा.

या काळात काहीच चांगलं झालं नाही असं नाही. रस्ते झाले, शाळा वाढल्या, १९६३च्या मुलुकी ऐनने जातीवरून कमी-जास्त शिक्षा देणारा जुना कायदा मोडीत निघाला. पण कोइराला मात्र खटल्याशिवाय आठ वर्षं सुंदरीजलच्या बंदिवासात होते.

आणि दुही? ती गेली का? मला खरी गंमत इथे वाटते. राजाच्या नव्या सरकारचे प्रमुख झालेले तुलसी गिरी पूर्वी कोइरालांच्याच मंत्रिमंडळात होते. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर १९८०मध्ये राजे वीरेंद्र यांनी सार्वमत घेतलं. पंचायत जिंकली, पण बहुपक्षीय पद्धतीच्या बाजूनेही ४५ टक्के मतं पडली. वीस वर्षांच्या बंदीनंतर! १९८३मध्ये पंतप्रधान सूर्यबहादुर थापांवर राष्ट्रीय पंचायतीत अविश्वास ठराव आला, त्यांचं सरकार पडलं आणि लोकेंद्रबहादुर चंद आले. थापांनी बोट दाखवलं ते 'भूमिगत गिरोह'कडे, म्हणजे दरबाराच्या आडून सूत्रं हलवणाऱ्यांकडे. पक्ष नव्हते, पण गट होतेच. फक्त त्यांना नाव नव्हतं, पाटी नव्हती, आणि म्हणून जाब कुणाला विचारायचा हेही लोकांना कळत नव्हतं.

१९९०च्या जनआंदोलनात माणसं मेली, तेव्हा कुठे एप्रिलमध्ये बंदी उठली. आणि बंदी उठल्याबरोबर थापा आणि चंद या दोघांनी काय केलं? आपापला पक्ष काढला!

दुसऱ्या दिवशी सहज बाबांना फोन केला. म्हटलं, आपल्या गावात बिनविरोध कशी व्हायची हो निवडणूक? बाबा जरा थांबले. मग म्हणाले, "मी भरला होता की एकदा अर्ज. रात्री चारजण घरी आले, गावात भांडण नको म्हणाले. तुझी आई घाबरली. सकाळी जाऊन मागे घेतला."

इतकी वर्षं हे मला ठाऊक नव्हतं.

काका, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. तुम्ही तेव्हा मुंबईला नोकरीत होतात, त्यामुळे तुमच्यापर्यंत बिनविरोध झाल्याची बातमी तेवढी पोचली असणार. पक्षांचा कंटाळा मलाही येतो, रोज येतो. पण त्या दिवशी डोलावलेली मान मी मागे घेतोय.

पुढच्या लग्नात भांडूच. मात्र पंगत उठल्यावर!