एडिथ कीलरचा मृत्यू आणि इतिहासातील ‘जर-तर’

इतिहासाच्या अभ्यासकाने ‘जर-तर’च्या वाटेला जाऊ नये, असे म्हणतात. तरीही पानिपतचा विषय निघाला की, विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न कोणीतरी काढतोच. जयंत नारळीकर यांनी तर त्यावर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथाच रचली. असाच एक प्रश्न ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेने ६ एप्रिल १९६७ रोजी विचारला. आम्ही या मालिकेचे चाहते आहोत. हार्लन एलिसन यांच्या संहितेवरचा हा भाग आम्हाला सर्वांत प्रिय. १९६८ साली त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला.

कथा थोडक्यात अशी. यानावरील डॉक्टर मॅकॉय औषधाच्या अतिमात्रेने भ्रमिष्ट होऊन काळाच्या एका द्वारातून भूतकाळात उडी घेतो. त्यासरशी इतिहास बदलतो आणि आकाशातले त्यांचे यानच नाहीसे होते. ही चूक निस्तरण्यासाठी कप्तान कर्क व त्याचा सहकारी स्पॉक १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये येतात. महामंदीचे दिवस, बेकारांना अन्न देणारी एडिथ कीलर नावाची स्त्री त्यांना आसरा देते. कर्कचे तिच्यावर प्रेम जडते. पुढे स्पॉकला आपल्या यंत्रात दिसते ते असे की, ही स्त्री जगली तर तिची शांतता चळवळ वाढेल, अमेरिका युद्धात उशिरा उतरेल, आणि तेवढ्या अवधीत जर्मनी आधी अणुबाँब बनवून जग जिंकेल. म्हणून तिने मरायला हवे. अखेरीस ती एका वाहनासमोर येते. मॅकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला घट्ट धरून ठेवतो.

नाट्य म्हणून हे अप्रतिम आहे. परंतु इतिहास म्हणून ते कितपत टिकते? अमेरिकेत युद्धविरोधी मत बळकट करण्यास कोणा एडिथची गरज नव्हती. तटस्थतेचा पहिला कायदा १९३५ सालीच झाला होता. अमेरिकेला युद्धात ओढले ते ७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बरवरील हल्ल्याने. आणि चारच दिवसांनी, ११ डिसेंबरला, हिटलरने स्वतः होऊन तिच्याविरुद्ध युद्ध पुकारले. अणुबाँबचेही तेच. १९३३ च्या कायद्याने नाझींनी ज्यू शास्त्रज्ञांना विद्यापीठांतून हाकलले, त्यांतले कित्येक पुढे दोस्तांच्या कामी आले. १९४२ साली अमेरिकेने या कामाला प्रचंड प्रमाणावर हात घातला. त्याच वर्षी जर्मनीने मात्र तेवढा मोठा उद्योग उभारण्याचा विचार बाजूस ठेवला. तात्पर्य, एवढ्या मोठ्या घटनेचा दोर एकाच खुंटीला बांधलेला नसतो.

पण याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. एडिथचे विचार बरोबर होते, फक्त वेळ चुकली, असा निवाडा ही कथा देते. तो देण्याचा अधिकार स्पॉकला आहे, कारण त्याच्या हाती उद्याची वर्तमानपत्रे आहेत. १९३० सालच्या एडिथजवळ ती नव्हती. तिच्यासमोर पहिल्या महायुद्धातील लक्षावधी मृत होते आणि दाराशी उपाशी माणसे होती.

आता एक योगायोग पाहा. हा भाग प्रसारित होण्याच्या दोनच दिवस आधी, ४ एप्रिल १९६७ रोजी, त्याच न्यूयॉर्कमधील रिव्हरसाइड चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध भाषण केले. मोठमोठ्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. शांतता चांगली, पण ही वेळ नव्हे, असे म्हणणारे प्रत्येक युगात असतात. त्यांच्यापाशी मात्र स्पॉकचे यंत्र नसते; असतो तो केवळ त्याचा आविर्भाव.

आपण इतिहास वाचतो तेव्हा ते यंत्र आपल्या हाती असते. शेवट ठाऊक असल्यामुळे मागच्यांच्या चुका आपल्याला सहज दिसतात. म्हणून गतकाळातील माणसाला दोष देण्यापूर्वी एवढे विचारावे : त्या दिवशी, त्या ठिकाणी, त्याला काय ठाऊक होते? एडिथला हा न्याय देता आला, तर तो आपल्या पूर्वजांनाही देता येईल. आणि आपला उद्या ज्यांना ठाऊक असेल, त्यांच्याकडून आपल्यालाही तोच मागता येईल.