गड, तिथी आणि चांदणं

आम्हा होमिओपॅथीवाल्यांकडे रोगी आला की 'काय होतं?' याच्या पाठोपाठ 'केव्हा होतं?' हा प्रश्न येतो. दिवसा की रात्री, जेवणाआधी की नंतर, उन्हाळ्यात की पावसाळ्यात. जन्मभर मी हेच विचारत आलो. इतिहासाला मात्र हा प्रश्न विचारावा असं कधी सुचलं नव्हतं. सुचलं ते माझ्या नातवाला. पन्हाळ्याच्या वेढ्याची गोष्ट मी रंगात येऊन सांगत होतो, तर तो म्हणाला, "आजोबा, लपून निसटायचं होतं ना? मग पौर्णिमा कशाला धरली?" मी म्हटलं, "अरे, आषाढ होता, आभाळ भरलेलं होतं." तो म्हणाला, "आषाढातल्या अमावास्येला आभाळ भरत नाही?"

बेळगावात तीन पिढ्या आम्ही ही गोष्ट सांगतो आहोत आणि उत्तर एकालाही ठाऊक नाही! त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आपल्या जुन्या कागदांत तिथी असते हे किती मोलाचं आहे, हे तेव्हा कळलं. तारीख चांदण्याबद्दल काहीच सांगत नाही. तिथी वाचली की चंद्र कधी उगवला नि कधी मावळला, हे बसल्या जागी कळतं. त्यात आपण वापरतो त्या शिवकाळातल्या इंग्रजी तारखा जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या. आजच्या मोजणीत त्या दहा दिवस पुढे जातात. म्हणून दर वर्षी १२ जुलैला पन्हाळ्यावर जाणाऱ्याला तिथे पौर्णिमा सापडेलच असं नाही.

आधी सिंहगड पाहा. ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमी. नवमीचा चंद्र मध्यरात्र चांगली उलटल्यावर उगवतो. म्हणजे तानाजी मालुसऱ्यांना अर्ध्याहून अधिक रात्र काळोखाची मिळाली. पोवाड्यात घोरपड आहे. सभासदाच्या बखरीत मात्र वानरासारखे कडा चढून जाणारे मावळे आहेत, आणि मला ते अधिक पटतात. काळोखात कडा चढणाऱ्याची भिस्त डोळ्यांवर नसतेच, हातापायाच्या बोटांवर असते. उजेड केला तो गड हाती आल्यावर, आग लावून, राजगडावर खूण कळावी म्हणून.

दुसरा पन्हाळा. ६ मार्च १६७३, फाल्गुन वद्य त्रयोदशी. कोंडाजी फर्जंद साठ माणसं घेऊन कड्याने वर गेले. अण्णाजी दत्तो फौजेसह मागे थांबले होते. त्रयोदशीची कोर पहाटेच्या तोंडाशी उगवते, तिचा उजेड कुणाच्या उपयोगाचा नाही. वर पोचल्यावर त्यांनी कर्णे फुंकले. किल्ल्यातल्यांना वाटलं, केवढं सैन्य आत शिरलं! साठ आहेत की सहाशे, हे अंधारात कुणी मोजायचं? भर चांदण्यात हा डाव फसला असता. जयराम पिंड्ये यांनी या विजयावर 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' हे संस्कृत काव्य त्याच काळात रचलं.

ग्वाल्हेरच्या वाचकांना तिसरं उदाहरण घरचंच आहे, थोडं बोचणारंही. ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री कंपनीच्या कॅप्टन पॉपहॅमने शिंद्यांचा ग्वाल्हेरचा किल्ला शिड्या लावून घेतला. पुढच्या तुकडीवर कॅप्टन ब्रूस होता. शिपायांच्या पायांत कापूस भरलेले लोकरी जोडे घातले होते, खडकावर आवाज होऊ नये म्हणून. मी गणित मांडून पाहिलं. अमावास्या होऊन दोन-तीन दिवस झाले होते. म्हणजे कोर संध्याकाळीच मावळली असणार. महादजींनी किल्ला परत घेतला तो १७८३ मध्ये.

तर गड घेणारे, आपले असोत की परके, पौर्णिमा टाळतात. तिन्ही वेळा तेच. मग १६६० च्या आषाढात महाराजांनी ती का टाळली नाही?

मला वाटतं, तो दिवस निवडलेला नव्हता, आलेला होता. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून चालू होता. नेताजींचा बाहेरून वेढा फोडण्याचा प्रयत्न फसला होता. मे महिन्यात शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला होता. पंधरा दिवस अमावास्येची वाट पाहायची चैन कुणाला परवडणार? शरण येण्याचा निरोप गेला, चौक्या सैल पडल्या. ती सैल पडलेली रात्र पौर्णिमेची होती, इतकंच.

पण नुसतं इतकंच म्हणून मी नातवापुढे सुटलो नसतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कडा चढणाऱ्याला बोटं पुरतात. पालखी खांद्यावर घेऊन चिखलातून धावणाऱ्या भोयाला पायाखालची वाट दिसावी लागते. मसाईच्या पठारावरून विशाळगडाकडे सगळी रात्र काढायची, आणि मशाल पेटवायची सोय नाही. ढगांआडचा पौर्णिमेचा चंद्र रात्रभर एक मळकट, सावली न पडणारा उजेड देतो. हाकेच्या अंतरावरचा माणूस त्यात ओळखू येत नाही, पण डबकं आणि दगड यांतला फरक कळतो. माझा तर्क असा की त्या रात्री चंद्राने जितका धोका केला तितकीच मदतही केली. पाठलाग झालाच. दुसऱ्या पालखीतले शिवा काशीद पकडले गेले, घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं पडली. चांदण्याला त्यात दोष देता येत नाही.

हा उजेड मला ओळखीचा आहे. आमच्या जैन घरात सूर्यास्तानंतर चूल नसे, जेवण नसे, उगाच बाहेर पडणंही नसे. कॉलेजात असताना मित्रांबरोबर कोजागिरीला येळ्ळूरचा राजहंसगड चढलो, ती माझी डोंगरावरची पहिली रात्र. ते आटीव दूध पीत बसले, मी नुसता बसलो. चढताना काही वाटलं नाही. उतरताना चंद्र पाठीशी आला आणि माझी स्वतःचीच सावली पुढच्या पायरीवर पडू लागली. पाऊल जिथे टाकायचं नेमका तिथेच अंधार. शेवटी बसून, हात टेकत उतरलो. मित्र अजून चिडवतात.

म्हणून हिरकणीची गोष्ट ऐकताना मी आता वेगळाच विचार करतो. ती दंतकथा आहे हे मान्य. पण ज्यांनी ती रचली त्यांना डोंगर ठाऊक होता. कोजागिरीची संध्याकाळ, दरवाजे बंद, घरी तान्हं मूल. आपण चित्रात तिला लख्ख चांदण्यात उतरताना पाहतो. पण हिरकणी बुरूज रायगडाच्या पश्चिम अंगाला आहे, आणि पौर्णिमेचा चंद्र दिवेलागणीला उगवतो तो पूर्वेला. माथा दुधासारखा उजळलेला असताना पश्चिमेचा कडा मध्यरात्रीपर्यंत स्वतःच्याच सावलीत असतो. तान्ह्या मुलाची आई मध्यरात्रीपर्यंत थांबली नसणार.