अस्थिसुषिरता, दुय्यम

दुसरा आजार, औषध किंवा सवय यांमुळे हाडांची घनता व बळ घटण्याचा विकार. रजोनिवृत्ती किंवा वार्धक्यातून येणाऱ्या प्राथमिक प्रकाराहून वेगळा. तरुणांत आणि पुरुषांतही आढळतो. बोलीत ‘हाडं ठिसूळ होणं’.

कारणे : अवटू व परावटू ग्रंथींचा अतिस्राव, आमवात, मूत्रपिंडाचे जुनाट विकार, आतड्यांतील शोषणदोष, फेनिटॉइनसारख्या फिटच्या गोळ्या, स्तन व प्रोस्टेटच्या कर्करोगावरील संप्रेरकरोधक उपचार.

सवयी : धूम्रपान, अतिमद्यपान, हालचालीचा अभाव.

स्टेरॉइडे : औषधजन्य प्रकारातील प्रमुख कारण. १९४८ मध्ये कॉर्टिसोन आमवातावर प्रथम वापरले गेले. हाडांवरील दुष्परिणाम लवकरच ध्यानात आले. हाड घडवणाऱ्या पेशी मंदावतात, कॅल्शियमचे शोषण घटते. झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक होते आणि मणके आधी खचतात. दमा, आमवात, त्वचारोग यांसाठी लिहून दिलेली गोळी जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने चालू राहते, हा यातला खरा धोका. घाटकोपरच्या राजावाडीत, बोरिवलीच्या भगवतीत किंवा मुलुंडच्या अग्रवाल रुग्णालयात कंबरदुखीसाठी जाणाऱ्याने सोबत जुन्या चिठ्ठ्या न्याव्यात. निदानात त्यांचे मोल क्ष-किरण चित्राइतकेच आहे.

मुंबईतील नोंद : उपनगरांच्या वेशीवरील माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये कोविडनंतरच्या तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना खुब्याचा अस्थिमृत्यू (एव्हीएन) झाला होता. रक्तपुरवठा तुटून हाड मरण्याचा हा विकार सुषिरतेहून भिन्न, पण स्टेरॉइडांशी नाते तेच. कोविडच्या उपचारात त्यांना मिळालेली प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची एकूण मात्रा सरासरी ७५८ मिलिग्रॅम होती; पूर्वीच्या नोंदींत हा विकार २,००० मिलिग्रॅमच्या आसपास दिसे. लक्षणे कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत उमटली. यात विषाणूचा वाटा किती, हे तीन रुग्णांवरून ठरत नाही. याच गटाने अस्थिमृत्यूवर ॲलेन्ड्रोनेट हे बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषध वापरून २००५ मध्ये अनुकूल निष्कर्ष मांडले होते. इतरत्र झालेल्या चाचण्यांत एकवाक्यता नाही.

निदान : हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, टी-गुणांक (निरोगी तरुण हाडाशी तुलना) उणे २.५ किंवा त्याखाली. स्टेरॉइड घेणाऱ्यांत याहून बऱ्या गुणांकावरही हाड मोडते.

उपचार : मूळ कारण हटवणे, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बिस्फॉस्फोनेट. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबवू नये. शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींचे काम मंदावलेले असते, म्हणून मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवतात.