गिट : कॉन्फिगरेशन फाइली

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या ‘गिट’ या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीची वर्तणूक ठरविणाऱ्या साध्या मजकूर फाइली. चौकोनी कंसातील विभागनाव व त्याखाली ‘नाव = मूल्य’ अशा ओळी, अशी त्यांची रचना असते.

स्तर : या फाइलींचे तीन मुख्य स्तर आहेत. ‘सिस्टीम’ स्तरावरील फाइल संगणकाच्या सर्व वापरकर्त्यांना लागू होते व ती बदलण्यास सहसा प्रशासकाचे अधिकार लागतात. ‘ग्लोबल’ फाइल वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत असते. वापरकर्त्याचे नाव, ईमेल पत्ता व पसंतीचा एडिटर यांची नोंद बहुधा तीत करतात. ‘लोकल’ फाइल एकाच रिपॉझिटरीपुरती असते.

अग्रक्रम : गिट या फाइली वरील क्रमाने वाचते. एकच मूल्य घेणाऱ्या सेटिंगसाठी शेवटी वाचलेले मूल्य ग्राह्य धरले जाते. म्हणून लोकल सेटिंग ग्लोबलवर मात करते. आज्ञेसोबत दिलेले मूल्य या सर्वांहून वरचढ ठरते. लोकल सेटिंगमुळे घरचा व कार्यालयाचा ईमेल पत्ता वेगवेगळ्या प्रकल्पांत वापरता येतो.

व्यवस्थापन : ‘गिट कॉन्फिग’ या आज्ञेने मूल्ये वाचता, बदलता व काढून टाकता येतात. ‘शो-ओरिजिन’ पर्याय प्रत्येक मूल्य कोणत्या फाइलीतून आले ते दाखवितो. परस्परविरोधी सेटिंग शोधण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय.

सुरक्षितता : कॉन्फिगरेशनमधून बाह्य प्रोग्रॅम चालविता येत असल्याने रिपॉझिटरी क्लोन करताना मूळ लोकल फाइलीची नक्कल केली जात नाही.