परसातली बाग

ब्रुकलिन येथील वनस्पती-उद्यानात १९५५ साली एक छोटी बाग तयार झाली. ॲलिस रेक्नेगल आयरिस या उद्यानरचनाकर्त्या बाईंनी ती दृष्टिहीनांसाठी आखली होती. वाफे उंच बांधलेले. हात लावून पाहण्याची झाडे, चुरगळली की दरवळणारी पाने, सुवासिक फुले आणि स्वयंपाकाचा पाला असे त्यांचे विभाग. ‘फुलांना हात लावू नये’ ही पाटी वाचतच आपण लहानाचे मोठे झालो. तेथे मात्र हात लावण्याचेच निमंत्रण!

पण श्रोतेहो, या बागेची हकीकत वाचताना आम्हांला आठवली ती आमची आजी. उतारवयात तिची दृष्टी गेली होती. तरी आमटीला फोडणी पडण्याआधी ती परसात जाई. न्हाणीच्या पाण्यावर माजलेल्या अळवाला वळसा घाली, गवती चहाची धारदार पात बोटाला लागली की डावीकडे वळे आणि कढीलिंबाची डहाळी घेऊन परते. ओव्याचे जाड पान ती नुसते लवेवरून ओळखी. घेवड्याची शेंग वाळली की नाही, हे ती कानाशी हलवून ठरवी. या बागेला कोणी मोठे नाव दिले नव्हते, इतकेच.

राजेरजवाड्यांच्या बागांची वर्णने बखरकारांनी आणि प्रवाशांनी लिहून ठेवली. परसाचे कोण लिहिणार? ते घराच्या पाठीमागे होते आणि बायकांच्या हातचे होते. म्हणून त्याचा इतिहास दप्तरांपेक्षा शब्दांत आणि जिभेवर शोधावा लागतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात बाराव्या शतकातील पाककृती आहेत. तिखटपणासाठी त्यांत मिरे आहे, आले आहे. मिरची नाही, आणि असणारही नाही. ती मूळची अमेरिकेतली. १५१० साली गोवा घेणाऱ्या पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती इकडे आली. पपई, काजू, अननस, बटाटा ही मंडळी पोर्तुगिजांच्या तोंडची नावे घेऊनच आपल्याकडे राहिली. मिरचीला मात्र आपण आपल्या मिऱ्यावरून नाव दिले, इतकी ती घरची झाली. मिरे कोकणपट्टी आणि मलबारकडून विकत आणावे लागे. मिरची कोणाच्याही दारामागे उगवे. तिचे बी बंदरावरून गावोगावच्या परसांत कोणी नेले, याचा कागद नाही. पण तिखटाची चव पालटली ती दरबारात नव्हे, अशाच वाफ्यांत, असे आम्हांला वाटते.

पुढे वाडे पडले, त्यांच्या जागी सदनिका आल्या आणि परसाच्या जागेवर मोटारी उभ्या राहिल्या. उरली ती पाहायची बाग. कोथिंबिरीचे रोप कसे दिसते हे ठाऊक नसलेली मुले आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. परस आपणच बुजवला.

तो पुन्हा मांडायला मोठी जागा लागत नाही. गॅलरीत चार-पाच तास ऊन येत असेल तर पुदिना, ओवा, तुळस, गवती चहा आणि एक मिरची सुखाने वाढतात. मात्र कुंडीला खाली भोक हवे. ओवा कोरड्यावर खूश असतो, पुदिन्याला ओल लागते, म्हणून दोघांना एका कुंडीत कोंबू नये. सोसायटीच्या आवारात जागा मिळाल्यास वाफे विटांनी मांडीइतके उंच बांधावेत, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांनाही माती हाताशी येते. शेवगा, कढीलिंब, केळ कडेला. आणि कण्हेर तेवढी काढून टाकावी, कितीही फुलत असली तरी! जेथे मुलांना पान तोडून चाखायला सांगायचे, तेथे विषारी झाड नको. अळू लावावे, पण वाटेपासून दूर. त्याची खाज आमच्या आजीला ठाऊक होती. शेजारच्या मुलांना ती अजून कळायची आहे.