उभा पियानो विकणे आहे

मोलगीच्या बाजारात भगर खपते, आमचूर खपतं, पण जुना पियानो विकायला काढलात तर पहिला प्रश्न येईल, "वजन किती?" प्रश्न रास्तच आहे. आत लोखंडी चौकट, दोनशेहून अधिक तारा आणि त्यांचा एकूण ताण १५-२० टनांचा! अक्कलकुव्याहून घाट चढवून हे धूड आणायचं कुणी? त्यापेक्षा ढोल बरा. सैल पडला की शेकोटीपाशी धरला, झालं.

क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास फ्लोरेन्सला घडवला तो आडवा पियानो. शंभरेक वर्षांनी फिलाडेल्फियात हॉकिन्सने आणि व्हिएन्नात म्युलरने तो उभा केला. फायदा अगदी आपल्या कामाचा: खोलीत जागा कमी लागते! (दोघांपैकी एखादा गिरगावातल्या चाळीत राहून गेला असावा.)

पण विकणाऱ्याची खरी गोची पांढऱ्या पट्ट्यांत आहे. जुन्या पियानोत त्या बहुधा हस्तिदंताच्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. १९९१ साली परदेशातून आणलेल्याचाही. म्हणजे आजोबांनी पाहुण्यांना कौतुकाने दाखवलेली वस्तू नातवाने जाहिरातीत कौतुकाने लिहिली, की झालाच गुन्हा. बैलबाजारात दात बघून किंमत ठरते. इथे दात बघून खटला.