विखंडनाचा शोध आणि ‘सहकारी’ ही संज्ञा

विज्ञानाच्या इतिहासात कोणी काय केले हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते कोणत्या शब्दांत नोंदले गेले हेही महत्त्वाचे असते. युरेनियमच्या अणुकेंद्राच्या विखंडनाबद्दल १९४४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक नोव्हेंबर १९४५ मध्ये एकट्या ओटो हान यांना जाहीर झाले. पदार्थविज्ञ लीझे माइटनर यांना त्यात वाटा मिळाला नाही. या निर्णयाचे मोल ठरविण्यासाठी शोधाचा क्रम ध्यानात घेतला पाहिजे.

व्हिएन्ना येथे डॉक्टरेट मिळवून माइटनर १९०७ साली बर्लिनला आल्या आणि हान यांच्याबरोबर किरणोत्सर्गाचा अभ्यास करू लागल्या. प्रशियातील विद्यापीठे स्त्रियांना १९०८ साली खुली झाली. तोवर रसायनसंस्थेच्या तळघरातील सुतारकामाच्या जुन्या खोलीपुरतीच त्यांना मुभा होती. १९१७ साली मात्र कैसर विल्हेल्म रसायनसंस्थेतील पदार्थविज्ञान विभाग त्यांच्याकडे सोपविण्यात आला. १९३४ साली युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा करण्याच्या संशोधनाकडे हान यांना वळविले ते माइटनर यांनीच. फ्रिट्झ स्ट्रासमान हे त्यांना पुढे येऊन मिळाले.

ज्यू वंशामुळे जुलै १९३८ मध्ये माइटनर यांना जर्मनीतून निसटून स्वीडनचा आश्रय घ्यावा लागला. तथापि पत्रांद्वारे सहकार्य चालूच राहिले. नोव्हेंबरात कोपनहेगन येथील भेटीत त्यांनी हान यांना रेडियमविषयीचे निष्कर्ष पुन्हा तपासण्यास बजावले. या फेरतपासणीत हाती आले ते बेरियम. १९ डिसेंबरच्या पत्राने हान यांनी हे कळवून त्याचा उलगडा माइटनर यांच्याकडेच मागितला. नाताळात कुंगेल्व्ह येथे माइटनर आणि त्यांचे भाचे ओटो फ्रिश यांनी तो केला. द्रवबिंदूप्रमाणे अणुकेंद्र दुभंगते, प्रोटॉनाच्या सुमारे एकपंचमांश वस्तुमान नाहीसे होते आणि सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मुक्त होते, असे त्यांच्या गणिताने दाखविले.

बेरियमविषयीचा निबंध ६ जानेवारी १९३९ रोजी हान व स्ट्रासमान यांच्या नावे निघाला. निर्वासित ज्यू संशोधिकेचे नाव त्यावर घालणे तेव्हाच्या जर्मनीत शक्य नव्हते. माइटनर व फ्रिश यांची उपपत्ती ‘नेचर’मध्ये ११ फेब्रुवारीस आली. अशा रीतीने राजकीय सक्तीमुळे एकच संशोधन ‘रासायनिक प्रयोग’ आणि ‘भौतिक स्पष्टीकरण’ असे विभागले गेले, आणि पारितोषिक पहिल्या अर्ध्यालाच मिळाले.

ही विभागणी पुढे भाषेत रुजली. १९५३ साली हायझेनबर्ग यांच्या एका लेखात माइटनर यांचा उल्लेख हान यांची दीर्घकाळची ‘मिटआर्बायटरिन’ असा झाला. ‘बरोबर काम करणारी’ हा या जर्मन शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ होय. पण व्यवहारात त्याला ‘हाताखालची’ अशी छटा आहे. हान यांना कोणी माइटनर यांचा दीर्घकाळचा ‘मिटआर्बायटर’ म्हटले तर काय वाटेल, असे माइटनर यांनी त्यांनाच पत्राने विचारले. म्यूनिकच्या डॉइचेस म्यूझियममध्ये विखंडनाची उपकरणे अनेक वर्षे हान यांचे मेज म्हणून मांडलेली होती. वस्तुतः त्यांतील बहुतेक माइटनर यांच्या विभागात तयार झाली होती.

याउलट, पेशीविभाजनावरून घेतलेली ‘विखंडन’ ही संज्ञा प्रथम माइटनर व फ्रिश यांच्याच निबंधात आली. जिच्या लेखाने या घटनेला नाव दिले, तिलाच तिच्या इतिहासात दुय्यम नाव मिळाले!

१९६६ साली हान, माइटनर व स्ट्रासमान या तिघांना फेर्मी पुरस्कार देण्यात आला. माइटनर १९६८ साली निवर्तल्या. १९९७ साली १०९ व्या मूलद्रव्यास ‘माइटनेरियम’ हे नाव अधिकृतपणे मिळाले. पारितोषिकाचा निर्णय फिरविता येत नाही. परंतु संस्थेतील पद, पत्रांच्या तारखा आणि प्रसिद्ध निबंध यांच्या आधारे ‘सहकारी’ हा शब्द दोघांनाही सारख्याच अर्थाने लावणे, हे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.